लष्करी डॉक्ट्रिन कशाला लागते आणि कुठे फसते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉक्ट्रिन म्हणजे नेमकं काय?

लढाई कशी लढायची याबद्दल एखाद्या सैन्याने आपसात आधीच ठरवून, लिहून आणि वरिष्ठांची मंजुरी घेऊन ठेवलेली समजूत म्हणजे डॉक्ट्रिन. अमुक तारखेला अमुक ठाण्यावर हल्ला करायचा, हे योजनेत असतं, डॉक्ट्रिनमध्ये नसतं. हल्ला करायची वेळ आली तर पायदळाने रणगाड्यांकडून, रणगाड्यांनी तोफखान्याकडून आणि तोफखान्याने रसदवाल्यांकडून काय गृहीत धरायचं, ते डॉक्ट्रिन सांगते.

नाटोच्या व्याख्येत दोन गोष्टी आहेत: ही तत्त्वं अधिकृत आहेत, आणि ती लावताना तारतम्य हवं. पहिली सगळ्यांना पाठ असते. दुसरी विसरल्यामुळेही सैन्यं हरतात.

धोरण, रणनीती, डॉक्ट्रिन, डावपेच हे सगळं एकच नाही का?

नाही, आणि गल्लत झाली की चर्चा भरकटते. उदाहरणाने बघू. ‘सीमेपलीकडून मोठा दहशतवादी हल्ला झाला तर लष्करी उत्तर द्यायचं’ हे धोरण. ते सरकार ठरवतं. ‘उत्तर मर्यादित ठेवायचं, थोडा भूभाग ताब्यात घेऊन वाटाघाटीत वापरायचा’ ही रणनीती. ‘त्यासाठी सीमेजवळच्या सर्व शस्त्रांच्या मिश्र तुकड्यांनी, मोठी जमवाजमव न करता, अनेक ठिकाणी एकाच वेळी घुसायचं’ ही डॉक्ट्रिन. समोरचा कालवा रात्री कुठून ओलांडायचा हा डावपेच. आणि पूल टाकताना कोणी कुठे उभं राहायचं ही ड्रिल.

ड्रिलमध्ये विचार करायला वाव नसतो, कारण तेवढा वेळच नसतो. अॅम्बुशमध्ये, म्हणजे दबा धरून केलेल्या हल्ल्यात, सापडलेल्या सेक्शनने (पायदळाच्या छोट्या तुकडीने) बैठक घ्यायची नसते. वर जावं तसा विचाराचा वाटा वाढतो.

प्रत्यक्ष कामात तिचा उपयोग काय? अनुभवी अधिकाऱ्याला पुस्तक कशाला?

मुख्य फायदा वेळेचा. एका डिव्हिजनमध्ये दहा-पंधरा हजार माणसं असतात. प्रत्येकाला सगळं समजावत बसलं तर लढाई संपून जाईल.

आदेशाचंच बघा. जगातली बरीच सैन्यं पाच भागांचा आदेश वापरतात: परिस्थिती, कामगिरी, अंमलबजावणी, रसद आणि प्रशासन, कमांड आणि सिग्नल. क्रम ठरलेला असल्यामुळे पावसात, टॉर्चच्या उजेडात, अर्धवट ऐकू येणाऱ्या रेडिओवरही कंपनी कमांडरला कळतं की आत्ता कोणता भाग चालू आहे आणि कोणता ऐकायचा राहिला. सोबत एक-तृतीयांशाचा नियम येतो: हातात चोवीस तास असतील तर वरच्या कमांडरने आठ तासांत आपली योजना संपवायची आणि सोळा तास खालच्यांना द्यायचे. तो मोडला की काय होतं हे कोणत्याही सरावात दिसतं. ब्रिगेडची योजना सुबक होते, पण प्लाटून कमांडरला जमीन उजेडात बघायलाच मिळत नाही.

दुसरा फायदा अनोळखी माणसांनी एकत्र काम करण्याचा. देवळालीत तोफखान्याचं शिक्षण घेतलेला अधिकारी आणि अहिल्यानगरच्या चिलखती दलाच्या स्कूलमधून आलेला अधिकारी राजस्थानात पहिल्यांदा भेटतात, आणि तासाभरात त्यांना फायर प्लॅन (तोफा कधी आणि कुठे मारा करतील याचा आराखडा) बनवावा लागतो. दोघांच्या शब्दांचा अर्थ एकच हवा.

तिसरा फायदा सहसा नजरेआड राहतो. किती रणगाडे घ्यायचे, पुलांचे किती संच, किती दिवसांचा दारूगोळा, याची कारणमीमांसा डॉक्ट्रिनमधून निघते. डॉक्ट्रिन ठरलेली नसेल तर खरेदी विक्रेत्याच्या माहितीपत्रकावरून होते.

युद्धाची तत्त्वं म्हणजेच डॉक्ट्रिन का?

तत्त्वं हा तिचा पाया. ब्रिटिश परंपरेतली यादी दहा कलमांची: लक्ष्याची निवड आणि त्यावर टिकून राहणं, मनोबल, आक्रमकता, सुरक्षितता, अनपेक्षितपणा, बळाचं केंद्रीकरण, बळाची काटकसर, लवचीकता, सहकार्य आणि प्रशासन (याला ब्रिटिश आता टिकाव धरण्याची क्षमता म्हणतात). भारतीय लष्करी शिक्षणात ही यादी थोड्याफार फरकाने वारशानेच आली.

ही तत्त्वं एकमेकांशी भांडतात हे मात्र विद्यार्थ्यांना उशिरा कळतं. बळ एका जागी एकवटलं की सुरक्षितता आणि अनपेक्षितपणा दोन्ही धोक्यात येतात. डॉक्ट्रिनचं काम कुठल्या परिस्थितीत कोणत्या तत्त्वाला झुकतं माप द्यायचं ते सुचवणं.

गनिमी कावा ही डॉक्ट्रिन होती का?

पुस्तकरूपात नाही, व्यवहारात होती. वेगवान घोडदळ, शत्रूची रसद तोडणं, तोंडावरची लढाई टाळणं आणि मागे किल्ल्यांचा आधार, हे सगळं एकमेकांत गुंफलेलं होतं. किल्ला नसेल तर वेगवान तुकडीला परतायला जागा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यांवर जो भर आहे तो याच कारणाने.

खरा धडा पानिपतात आहे. १४ जानेवारी १७६१ ला मराठा फौजेत लढण्याच्या दोन पद्धती शेजारी शेजारी उभ्या होत्या. इब्राहिमखान गारद्याची तोफा-बंदुकांची शिस्तबद्ध रांग ‘गोला’च्या, म्हणजे पोकळ चौकोनी, रचनेसाठी होती. त्या रचनेत प्रत्येकाने आपली जागा धरायची आणि तोफांसमोरची जमीन मोकळी ठेवायची. घोडदळाच्या सरदारांचा पिंड वेगळा होता. विंचूरकर आणि गायकवाड यांच्या पथकांनी रांग सोडून चाल केली, गारद्यांची बाजू उघडी पडली आणि तोफांच्या माऱ्यात खंड पडला. पराभवाची इतर कारणं मोठी आहेत, उपासमार तर आहेच. पण नवी शस्त्रं एका भागाने घेतली आणि त्यांना लागणारी शिस्त उरलेल्या फौजेच्या अंगवळणी पडली नाही, तर काय होतं ते इथे स्वच्छ दिसतं. शौर्याची कमतरता कुठेच नव्हती.

चांगली शस्त्रं असूनही डॉक्ट्रिनमुळे हरलेलं सैन्य दाखवता येईल का?

फ्रान्स, मे १९४०. फ्रेंच रणगाडे संख्येने कमी नव्हते आणि चिलखताने बरेचसे वरचढ होते. फ्रेंच डॉक्ट्रिन ‘पद्धतशीर लढाई’ची होती: तोफखान्याच्या आधाराने, वरून आलेल्या वेळापत्रकानुसार, टप्प्याटप्प्याने पुढे सरकायचं. पहिल्या महायुद्धातून हा निष्कर्ष निघाला होता आणि त्या काळापुरता तो चूक नव्हता. १३ मे रोजी जर्मनांनी सेदानजवळ म्यूज नदी ओलांडली. त्यांना मागे रेटण्यासाठीचा फ्रेंच प्रतिहल्ला लेखी आदेश, जुळवाजुळव आणि वाट बघणं यात दुसऱ्या सकाळपर्यंत लांबला. दरम्यान जर्मन इंजिनिअरांनी पूल बांधून रणगाडे पलीकडे आणले.

उलटं उदाहरण इस्रायलचं. १९६७ च्या विजयानंतर त्यांच्या सैन्यात रणगाड्यांवरचा विश्वास इतका वाढला की पायदळ आणि तोफखाना मागे पडले. ८ ऑक्टोबर १९७३ ला सिनाईत त्यांच्या रणगाड्यांचा प्रतिहल्ला इजिप्तच्या पायदळाच्या सॅगर या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांपुढे फसला, कारण त्या पायदळाला दाबून ठेवायला सोबत पुरेसं काहीच नव्हतं. त्यांनी युद्ध चालू असतानाच पद्धत बदलली, हे त्यांचं श्रेय. अमेरिकेने त्या युद्धाचा बारकाईने अभ्यास केला. १९७६ मध्ये नवं एफएम १००-५ (त्यांच्या लष्कराचं डॉक्ट्रिनचं मुख्य पुस्तक) काढलं, ते फार बचावात्मक असल्याची टीका सैन्यातूनच झाली, आणि १९८२ मध्ये जमीन आणि हवा एकत्र धरणारी ‘एअरलँड बॅटल’ ही नवी डॉक्ट्रिन आली. स्वतःचं पुस्तक सहा वर्षांत रद्द करायची तयारी ठेवणं हे निरोगी सैन्याचं लक्षण आहे.

भारताची ‘कोल्ड स्टार्ट’ नेमकी कशातून आली?

वेळेच्या गणितातून. कोल्ड स्टार्ट म्हणजे मोठी जमवाजमव न करता झटपट, मर्यादित हल्ला करायची कल्पना.

१३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला. ऑपरेशन पराक्रमचे आदेश १८ डिसेंबरच्या सुमारास निघाले. त्या वेळची रचना १९८० च्या दशकातली, माजी लष्करप्रमुख जनरल सुंदरजींच्या विचारांची छाप असलेली. सीमेवर बचावासाठी होल्डिंग कोअर (कोअर म्हणजे काही डिव्हिजन मिळून झालेली मोठी फौज). खोलवर घुसण्यासाठी तीन अवजड स्ट्राइक कोअर: मथुरेची १, अंबाल्याची २ आणि भोपाळची २१. यांचे रणगाडे, तोफा, पुलांचं सामान आणि दारूगोळा रेल्वेने पश्चिमेकडे न्यायचा. त्यात सुमारे तीन आठवडे गेले. तोवर पाकिस्तानचीही जमवाजमव झाली, आंतरराष्ट्रीय दबाव वाढला आणि १२ जानेवारी २००२ ला पाकिस्तानचे तेव्हाचे अध्यक्ष मुशर्रफ यांनी दूरचित्रवाणीवर भाषण करून मुत्सद्देगिरीची बाजू फिरवली. सैन्य ऑक्टोबरपर्यंत सीमेवर उभं राहिलं आणि परत आलं.

यातून दोन दोष पुढे आले. स्ट्राइक कोअर निघाली की उपग्रहांना आणि शेजाऱ्याला लगेच कळतं. आणि ती इतकी मोठी आहे की ती वापरणं म्हणजे पूर्ण युद्ध. मधला पर्याय सरकारच्या हाती उरत नाही.

एप्रिल २००४ मध्ये जनरल एन. सी. विज लष्करप्रमुख असताना पुढे आलेली कल्पना अशी: होल्डिंग कोअरना आक्रमक ताकद देऊन ‘पिव्हट कोअर’ करायचं, स्ट्राइक कोअरमधून लहान, सर्व शस्त्रांचे ‘इंटिग्रेटेड बॅटल ग्रुप’ बनवून सीमेजवळ ठेवायचे, आठवड्यांऐवजी तीन-चार दिवसांत अनेक ठिकाणी उथळ घुसायचं आणि शत्रू अण्वस्त्रं वापरेल अशी मर्यादा ओलांडली जाण्याआधी थांबायचं.

मग ती अमलात आली का?

इथे सावध राहायला हवं. २०१० मध्ये लष्करप्रमुखांनी ‘कोल्ड स्टार्ट’ नावाचं काही नाही असं सांगितलं. जानेवारी २०१७ मध्ये जनरल बिपिन रावत यांनी ती आहे असं मान्य केलं. खरं मधे कुठेतरी आहे. जमवाजमवीचा वेळ कमी करण्यावर काम झालं, २०११ च्या विजयी भव आणि सुदर्शन शक्ती या सरावांत ते तपासलंही गेलं. पण बॅटल ग्रुप कायमच्या रचनेत आले नाहीत. २०१९ मध्ये त्यांची चाचणी झाली तीही पाकिस्तान सीमेपुरती नव्हती; अरुणाचलात ‘हिम विजय’ सरावात १७ कोअरने ती केली. २६ जुलै २०२५ ला द्रासमध्ये लष्करप्रमुखांनी सर्व शस्त्रांच्या ‘रुद्र’ ब्रिगेड जाहीर केल्या. म्हणजे कल्पनेपासून कायम तुकडीच्या घोषणेपर्यंत वीस वर्षांहून जास्त काळ.

दिरंगाईचं एक कारण साधं आहे. बॅटल ग्रुप करायचा तर कुठली तरी डिव्हिजन किंवा ब्रिगेड मोडावी लागते, सोबत पदं हलतात, आणि तोफा, इंजिनिअर, सिग्नल, हवाई संरक्षण हे सगळं विभागून द्यावं लागतं. विभागायला पुरेसं असेल तरच. दुसरं कारण दारूगोळ्याचं. महालेखापरीक्षकांच्या २०१५ च्या अहवालात दिसलं की ४० दिवसांच्या तीव्र युद्धाच्या निकषासमोर निम्म्या प्रकारच्या दारूगोळ्याचा साठा १० दिवसांनाही पुरणारा नव्हता. वेगवान आक्रमणाची डॉक्ट्रिन आणि रिकामी कोठारं, हे जमणारं नव्हतं.

अमलात न आलेल्या डॉक्ट्रिनचा शत्रूवर परिणाम होतो का?

होतो, आणि नेहमी हवा तसा होत नाही. पाकिस्तानने १९ एप्रिल २०११ ला ‘नस्र’ची चाचणी केली: सुमारे ६० किलोमीटर पल्ल्याचं, रणांगणावरच अण्वस्त्र टाकण्यासाठीचं क्षेपणास्त्र. त्याचं समर्थन भारताच्या कोल्ड स्टार्टकडे बोट दाखवूनच केलं गेलं. आपल्याकडे तुकड्या उभ्या राहायच्या होत्या, त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. आमच्या मते कोल्ड स्टार्टच्या हाताळणीतला मोठा दोष हाच: क्षमतेच्या आधी घोषणा.

पुढे भारताने घेतलेला मार्ग वेगळा दिसतो. सप्टेंबर २०१६ चे सर्जिकल स्ट्राइक, २६ फेब्रुवारी २०१९ चं बालाकोट आणि मे २०२५ चं ऑपरेशन सिंदूर, या तिन्हींत स्ट्राइक कोअर हलवून भूभाग घेण्याचा प्रयत्न नव्हता. २००२ मध्ये अडलेला प्रश्न अशा रीतीने काही अंशी रणगाड्यांशिवाय सोडवला गेला.

भारताची अण्वस्त्र डॉक्ट्रिनही याच प्रकारची का?

नाव तेच, जात वेगळी. तिचा मसुदा ऑगस्ट १९९९ मध्ये आला आणि ४ जानेवारी २००३ ला सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीच्या निर्णयांचा गोषवारा प्रसिद्ध झाला. प्रथम वापर नाही, पण भारतावर किंवा कुठेही भारतीय सैन्यावर अण्वस्त्र हल्ला झाला तर प्रचंड आणि असह्य हानी करणारा प्रतिहल्ला. जैविक किंवा रासायनिक मोठा हल्ला झाल्यास अण्वस्त्राचा पर्याय राखून ठेवला आहे. बातम्यांत हे कलम हमखास गळतं. वापराचा अधिकार पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या राजकीय परिषदेचा. ही मुख्यतः शत्रूने वाचावी म्हणून लिहिलेली आहे, सैनिकाने शिकावी म्हणून नाही.

तिन्ही दलांच्या वेगवेगळ्या डॉक्ट्रिन कशाला? एकच का नाही?

समुद्र, जमीन आणि आकाश यांतलं काम वेगळं आहे, त्यामुळे स्वतंत्र पुस्तकं लागतातच. अडचण शिवणीवर येते. हवाई दल मानतं की हवाई शक्ती तुकड्यांत वाटू नये, ती एका हाती ठेवून जिथे निर्णायक असेल तिथे वळवावी. लष्कराला आपल्या कोअरच्या डोक्यावर आत्ता विमान हवं असतं. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे, म्हणूनच भांडण सुटत नाही.

कारगिलमध्ये हे दिसलं. लष्कराची सुरुवातीची मागणी हेलिकॉप्टरच्या माऱ्याची होती. मंजुरी २५ मे १९९९ ला मिळाली, दुसऱ्या दिवशी ‘सफेद सागर’ सुरू झालं. २७ मे रोजी दोन लढाऊ विमानं आणि २८ मे रोजी रॉकेटं डागणारं एक एमआय-१७ हेलिकॉप्टर हवाई दलाने गमावलं. त्यानंतर हेलिकॉप्टरना त्या कामातून काढलं, विमानं खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर उंच नेली आणि मिराज-२००० वर लेझर बाँबची जोडणी केली. २४ जूनला टायगर हिलवर त्यांचा नेमका मारा झाला. इतक्या उंचीवर विरळ हवेत बाँबची पडण्याची रेघसुद्धा बदलते, हे पुस्तकात नव्हतं. डोंगरात हल्लेखोर आणि बचाव करणारे यांचं प्रमाण सहास एक ते नवास एक लागतं, ही पायदळाची जुनी ठोकताळ्याची आकडेवारी मात्र खरी ठरली.

आजही १७ कमांड एकेका दलाच्या आहेत (लष्कर ७, हवाई दल ७, नौदल ३) आणि संयुक्त दोनच: अंदमान-निकोबार आणि (अण्वस्त्रं सांभाळणारी) सामरिक दल कमांड. तिन्ही दलांची उघड संयुक्त डॉक्ट्रिन एप्रिल २०१७ मध्ये आली. तिच्यात संयुक्तपणाचा पुरस्कार आहे. लढाईच्या दिवशी विमानाचा शेवटचा निर्णय कोणाचा, याचं उत्तर तिच्यातून मिळत नाही.

डॉक्ट्रिन लिहितं कोण?

भारतीय लष्करात मुख्य जबाबदारी सिमल्याच्या प्रशिक्षण कमांडची, म्हणजे आर्ट्रॅकची. ती १९९१ मध्ये महूला उभी राहिली आणि १९९३ मध्ये सिमल्याला गेली. संयुक्त डॉक्ट्रिन दिल्लीच्या एकात्मिक संरक्षण मुख्यालयाकडे असते. सागरी विचाराला गोव्याच्या नेव्हल वॉर कॉलेजची जोड आहे.

वाट साधारण अशी: लढाई आणि सराव यांतून धडे गोळा करणं, त्यावरून कल्पना मांडणं, नकाशावर वॉर गेम, मग खऱ्या तुकड्यांसह मैदानी सराव, दुरुस्त्या, प्रमुखांची मंजुरी, आणि शेवटी स्कूलांचा अभ्यासक्रम बदलणं. काम बहुधा पहिल्या आणि शेवटच्या पायरीला फसतं. पहिल्या पायरीला धडे गुळगुळीत होतात, कारण सरावाचा अहवाल लिहिणाऱ्याचा गोपनीय अहवाल त्याच वरिष्ठाच्या हाती असतो. शेवटच्या पायरीला पुस्तक नवीन येतं आणि परीक्षेतले प्रश्न जुनेच राहतात. अधिकारी परीक्षेला येतं तेच शिकतो.

परदेशी डॉक्ट्रिन उचलून चालत नाही का?

शब्द उचलणं सोपं, त्यामागची यंत्रणा नाही. जर्मनांची ‘कामगिरी सांगा, पद्धत खालच्यावर सोडा’ ही रीत सगळ्यांना आवडते. तिच्यासाठी जर्मनांनी तरुण अधिकाऱ्यांना वर्षानुवर्षं स्वतंत्र निर्णय घ्यायला लावलं होतं आणि चुकीच्या कृतीपेक्षा निष्क्रियतेला मोठा दोष मानलं होतं. जिथे कंपनी कमांडरला जीप बाहेर काढायलाही सही लागते, तिथे ती रीत आदेशाच्या कागदावरच राहते.

एखादी डॉक्ट्रिन खरी आहे की नुसती छापलेली, हे कसं ओळखायचं?

पुस्तक बाजूला ठेवा आणि चार ठिकाणी शोधा. तिच्यामुळे एखाद्या तुकडीची मंजूर रचना बदलली का? मोठ्या सरावात ती पूर्ण ताकदीने, रात्री आणि शत्रूच्या बाजूला मोकळीक देऊन तपासली का? तिच्यासाठी साठा आणि सुटे भाग खरेदी झाले का? कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या कोर्समध्ये ती आली का? चारपैकी दोन होकार मिळाले तर गांभीर्याने घ्यावं. एकही नसेल तर ते निवेदन आहे.

सामान्य वाचकाला काय वाचता येतं?

लष्कराच्या २००४ च्या डॉक्ट्रिनचा खुला भाग, २०१८ ची लँड वॉरफेअर डॉक्ट्रिन, नौदलाची २००९ ची सागरी डॉक्ट्रिन, हवाई दलाच्या २०१२ आणि २०२२ च्या आवृत्त्या, आणि २०१७ ची संयुक्त डॉक्ट्रिन. सुरुवात नौदलाच्या पुस्तकापासून करावी. संकल्पना नीट उलगडलेल्या आहेत आणि शब्दांचे अर्थ पक्के आहेत. २०१७ ची शेवटी. वाचताना ‘करेल’ आणि ‘करायला हवं’ या दोन क्रियापदांखाली वेगवेगळ्या रंगाने रेघ मारा. दुसरा रंग जास्त दिसला तर तिथे क्षमता अजून यायची आहे.